आबांच्या अटी आणि आठ इंची बँडसॉ

माझ्या मैत्रिणीनं दोन वर्षं घेतलेल्या शिकवण्यांचे पैसे साठवून नवा मोबाइल नाही, तर करवत घेतली. विजेवर चालणारी! आईनं कपाळावर हात मारला. आबा, म्हणजे तिचे आजोबा, दोन दिवस तिच्याशी बोललेच नाहीत.

आबांनी जन्मभर सुतारकाम केलं. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. गोल पात्याच्या मशीननं फळी मागे फेकली, हात ओढला गेला, एवढंच ते सांगतात.

मैत्रीण आर्किटेक्चरला आहे, कोल्हापुरात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आबांचा रंधा, पटाश्या, गुण्या आणि तिचं ड्रिल असा संसार. अडत होतं ते वळणदार कापाशी आणि जाड लाकडातून पातळ फळ्या काढण्याशी. दोन्हीवर उत्तर एकच, बँडसॉ.

वखारीत ओंडके चिरणारं मोठं मशीन पाहिलंय ना? त्याचंच हे टेबलावर मावणारं पिल्लू. दातेरी पट्ट्याचं पातं दोन चाकांवर फिरतं आणि टेबलाजवळ वरून खाली येतं. म्हणजे लाकूड टेबलावर दाबलं जातं, गोल पात्यासारखं तुमच्या अंगावर फेकलं जात नाही. आबांना तिनं हेच कागदावर काढून दाखवलं. ‘बोट मात्र तेवढंच कापतं,’ आबा म्हणाले. खरंय.

तिनं त्यांना एक गोष्टही ऐकवली. अशा करवतीचं पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरीनं 1808 मध्येच घेतलं होतं, पण पातं जोडावर तुटायचं. टिकाऊ जोडाचं पेटंट 1846 मध्ये फ्रान्समध्ये घेतलं अॅन पॉलिन क्रेपिन या बाईनं. आबा यावर काहीच बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी शेडमध्ये आले.

त्याआधी व्हायचा तो घोळ झालाच होता. जुन्या सागवानी चौकटीत खिळा लपलेला होता आणि पहिल्याच रविवारी पात्याचे दात गेले. आबांनी खिशातून लोहचुंबक काढून तिच्या हातात ठेवलं. त्यांना आधी विचारलं असतं तर? असो.

दुसरं पातं तिनं पाव इंची घेतलं. ते साधारण पाच अष्टमांश इंच त्रिज्येच्या वळणात फिरतं, अर्धा इंची पात्याला अडीचेक इंच लागतात. सरळ चिरायला मात्र रुंद पातं आणि मोठे, विरळ दात बरे. आणि हो, आठ इंची मशीनमध्ये पातं आणि खांब यांच्यामध्ये त्याहून जास्त काही मावत नाही. मोठं टेबल करायची स्वप्नं असतील तर घेण्याआधी मापं घ्या. पात्याचा ताण नीट नसेल तर काप तिरका जातो. तिचे पहिले चार तुकडे असेच वाया गेले.

आबांच्या अटी भिंतीवर खडूनं लिहिल्यात. हातमोजे, ओढणी, बांगड्या नाहीत. चष्मा आणि मास्क हवाच, सागाचा भुसा घशात बसतो. पात्यावरचं कव्हर लाकडाच्या अगदी जवळ आणायचं. शेवटचे दोन-तीन इंच बोटांनी नाही, काठीनं ढकलायचे. आणि मशीन चालू असताना शेडमध्ये दुसरं माणूस हवं.

ते दुसरं माणूस सध्या रविवारी मी असते. आबा शेजारी स्टुलावर बसून पेन्सिलीनं वळण आखतात आणि ती कापायला लागली की माझ्यापेक्षा जास्त घाबरतात.