पोथ्यांची साक्ष

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी सुरू झाले. तिथला पोथीसंग्रह मात्र संस्थेहून जुना. मुंबई सरकारने १८६६ पासून पोथ्या गोळा करायला घेतल्या. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन हे संस्कृतपंडित आणि खुद्द भांडारकर त्यासाठी हिंडले. डेक्कन कॉलेजात असलेला तो संग्रह १९१८ मध्ये इथे आला. आज संख्या २८ हजारांच्या घरात आहे. ब्यूलरने १८७५ मध्ये काश्मीरहून आणलेली, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली ऋग्वेदाची पोथी त्यातलीच. इथल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांची युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

पण या संस्थेचे खरे मोठेपण मला दिसते ते महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत. व्यासांच्या हातची प्रत कुठेच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. म्हणून देशभरातल्या निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहायच्या. एकेक श्लोक कागदावर मांडायचा, प्रत्येक अक्षराला वेगळा चौकोन, आणि खाली त्या त्या पोथीतला पाठ नोंदवायचा. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकात ३२ अक्षरे, श्लोक हजारो. नकलनविसाची चूकसुद्धा इथे कामाची, कारण एकच चूक दोन पोथ्यांत आढळली की त्यांचे नाते कळते.

विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ मध्ये ही धुरा घेतली आणि १९४३ मध्ये मृत्यूनेच ती खांद्यावरून उतरवली. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही कथा मूळ संहितेत टिकत नाही, असा कौल पोथ्यांनी दिल्यावर त्यांनी ती परिशिष्टात घातली. गणपतीला घरोघर बसवणाऱ्या महाराष्ट्रात हा निर्णय घ्यायला पुराव्यावरची निष्ठाच लागते. काढलेला मजकूर त्यांनी फेकला नाही, वाचकासमोर ठेवला. निर्णय पटला नाही तर ज्याने त्याने तपासून पाहावे. बेलवलकर आणि प. ल. वैद्यांनी पुढे काम नेले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले.

५ जानेवारी २००४ रोजी याच वास्तूवर जमाव चालून आला, मोडतोड झाली, पोथ्या-पुस्तके विस्कटली गेली. पोथीची दुसरी आवृत्ती निघत नाही, हे तेव्हा पुष्कळांना प्रथमच उमगले असेल.

तुमच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या पोथ्या असतील, तर त्या नदीत सोडू नका. वाचता येत नसल्या तरी संग्रहालयाला द्या, आणि कोणत्या गावातून, कोणाच्या घरातून आल्या तेवढे सोबत लिहून द्या.