पाच पांडवांतले दोघे

आमच्या जळकोटात माणसाचे खरे नाव दोनच ठिकाणी लागते, शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर. बाकीचा जन्म टोपणनावावर निघतो. माझे अब्बा आठवडी बाजारात बांगड्यांचे दुकान मांडायचे, म्हणून शाळेत मी ‘बांगडी’. खेळात कच्च्या पोराला आपल्याकडे बांगड्या भरायला सांगतात, तेव्हा त्या नावातला डंख वेगळा सांगायला नको. ती हाक आली की मी वाट बदलायचो. कुणाला कोणते नाव कसे पडले, हे विचारायची खोड मला तेव्हापासून लागली असावी.

फुटबॉल हा काही आमच्या भागातला खेळ नव्हे. आमच्याकडे कबड्डी आणि व्हॉलीबॉल. फुटबॉलचे वेड मी पहिल्यांदा पाहिले ते कोल्हापुरात. तिथले संघ म्हणजे तालमी आणि मंडळे : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या तालमीचे नाव फुटबॉलच्या संघाला लागले आणि कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. तालीम हा शब्द मूळ अरबी, अर्थ शिक्षण. तो लाल मातीत उतरला आणि तिथून फुटबॉलच्या मैदानावर गेला. कोल्हापूरकराला विचाराल तर तो म्हणेल, हा आमचाच शब्द. आणि त्याचे म्हणणे खरेच आहे.

पुढे एका बहुभाषी कविसंमेलनासाठी कोलकात्याला गेलो. एक दुपार मोकळी होती. मैदान नावाच्या त्या अफाट हिरवळीवर चहा घेत होतो, तर शेजारी ईस्ट बंगाल क्लबचे एक वयस्क चाहते बसलेले. त्यांची बंगाली हिंदी, माझी दखनी हिंदी. मी विचारले, तुमच्या क्लबला आणखी कोणकोणत्या नावांनी ओळखतात? एवढे पुरले. दोन तास कसे गेले ते कळले नाही.

पहिले नाव रंगाचे. क्लब स्थापन झाला 1 ऑगस्ट 1920 रोजी. त्याआधी चारच दिवस, मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या आपल्या खेळाडूला वगळले होते. पूर्व बंगालच्या माणसाला मुद्दाम डावलले, असे वाटून क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि नवा क्लब निघाला. चौरंगीवरच्या व्हाइटवे लेडलॉ या इंग्रजी दुकानातला लाल-सोनेरी सदरा मंडळींच्या मनात भरला, असे चाहते सांगतात. तेव्हापासून क्लब ‘लाल-हलुद’, म्हणजे लाल-पिवळा.

दुसरे नाव मशालीचे. 1930 साल सविनय कायदेभंगाचे. लीग अर्ध्यावर थांबली, आणि खालच्या श्रेणीत पुढे असलेल्या ईस्ट बंगालला वर चढू दिले गेले नाही. चाहते मशाली पेटवून रस्त्यावर आले. ती मशाल पुढे क्लबच्या बोधचिन्हावर बसली, अशी त्यांची आठवण.

तिसरे नाव शिवीचे. ते सांगताना म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. फाळणीनंतर पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले. छावण्यांतून, वस्त्यांतून लोक हातात तांब्या घेऊन शौचाच्या रांगेत उभे राहत. बंगालीत तांब्याला म्हणतात लोटा. झाले, ईस्ट बंगालचे चाहते ‘लोटा’ ठरले. म्हातारे म्हणाले, “माझे वडील त्या रांगेत उभे होते. पोटात अन्न नव्हते, पण शनिवारी सामन्याला जायचे. तिथे तरी आपला देश अकरा माणसांच्या रूपात दिसायचा.”

डिवचण्याची ही रीत नंतरही सुटली नाही. 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन कपचा उपांत्य सामना होता, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक माणसे. सामन्याआधी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंना नावे ठेवली. सिक्कीमचा बायचुंग भुतिया झाला ‘चुंगचुंग’, सॅमी ओमोलो झाला ‘ऑम्लेट’. भुतियाने तीन गोल केले. ईस्ट बंगाल 4-1 असा जिंकला. ‘चुंगचुंग’ सांगताना म्हातारे स्वतःच हसत होते. जिंकल्यावर शिवीची गंमत होते. हरलो की ती शिवीच राहते.

आणि चौथे नाव. 1949 ते 1953 या काळात ईस्ट बंगालच्या आघाडीच्या फळीत पाच खेळाडू होते : वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही दक्षिणेकडून आलेले. 1949 साली क्लबने लीग आणि आयएफए शील्ड जिंकली, शिवाय मुंबईचा रोव्हर्स कपही नेला. शील्ड तर लागोपाठ तीन वर्षे जिंकली. या पाचांना गर्दीने नाव दिले ‘पंचपांडव’.

मी बोटांवर मोजले. पाच पांडवांतले दोघे मुसलमान. त्यातला अहमद खान बंगळुरूचा. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी खेळलेल्यांपैकी एक. सालेह केरळचा. आणि हे नाव देणारे कोण? बहुतेक तेच, जे फाळणीत घरदार सोडून आले होते. ज्यांच्या जखमा ओल्या होत्या, त्यांनीच या दोघांना कुंतीच्या घरात नेऊन बसवले.

मी विचारले, “यातला अर्जुन कोण?”

म्हातारे म्हणाले, “ज्याने गोल केला तो.”

मी मराठीत लिहितो. चांगल्या मनाचे लोकही मला विचारतात, तुम्ही मराठीत कसे काय? प्रश्नात वाईट हेतू नसतो, पण दर वेळी पाहुण्याच्या खुर्चीवर बसवल्यासारखे होते. अहमद खान आणि सालेह यांना त्या गर्दीने खुर्ची दिली नाही. सरळ भावांच्या पंगतीत बसवले.

कागदावरची नावे बदलत असतात. पैसा लावणारे आले आणि 2018 पासून ईस्ट बंगालच्या नावालाही मागे-पुढे शब्द जोडले गेले, पुन्हा गळून पडले. मोहन बागानच्या चाहत्यांनी तर आपल्या नावापुढचे ‘एटीके’ काढण्यासाठी आंदोलन केले आणि 2023 साली ते निघाले. कंपनीने लावलेले नाव करार संपला की जाते. गर्दीने दिलेले मात्र ‘लाल-हलुद’सारखे शंभर वर्षे टिकते. ते पुसायला कुणाचा ठराव पुरत नाही.

माझ्या नावाचेही असेच झाले. नववीत असताना कबड्डीच्या एका सामन्यात मी शेवटचा गडी उरलो होतो. रेषेवरून आमचीच पोरे ओरडली, “बांगडी, धर!” मी चढाईवाल्याचा घोटा धरला तो सोडलाच नाही. ती हाक त्या दिवशी पहिल्यांदा टोचली नाही.

परवा बाजारात मागून कुणीतरी “ए बांगडी” म्हणाले. विचार करायच्या आधीच मी वळून “ओ” दिली.