बर्फ पडला तर रोजी : काश्मीरच्या हिवाळी धंद्याची ओळख

आपल्याकडे मृग कोरडा गेला की शेतकऱ्याबरोबर बाजारपेठही आभाळाकडे डोळे लावून बसते. काश्मीर खोऱ्यात हीच अवस्था हिवाळ्यात होते. तिथे वाट पाहिली जाते ती बर्फाची. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य कुटुंबे काश्मीरला जातात. ती फोटो घेऊन परततात, पण त्या बर्फावर किती घरांच्या चुली पेटतात याचा विचार क्वचितच होतो. व्यापारी व कारागीर बांधवांना यातून शिकण्यासारखे बरेच आहे. म्हणून आज हा विषय आम्ही घेतला आहे.

चाळीस दिवसांचा हंगाम

‘चिल्ला’ हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. काश्मिरात २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंतच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ गोठून टिकतो. त्यावर पर्यटन चालते आणि तोच पुढे वितळून झरे व शेते जगवतो. नंतर पडणारा बर्फ लवकर विरघळतो. म्हणजे सत्तर दिवसांतही खरा भरवसा पहिल्या चाळीस दिवसांचाच.

गुलमर्गमध्ये कोण काय कमावतो?

श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, २,६५० मीटर उंचीवर गुलमर्ग आहे. ब्रिटिश काळात १९२७ साली येथे स्की क्लब निघाला, तेव्हापासून बर्फावरच्या खेळांची परंपरा आहे. येथील गोंडोला म्हणजे दोरीवरून चालणारा पाळणा. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली कोंगडुरीपर्यंत आणि दुसरा २००५ साली अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत सुरू झाला. २०२० पासून येथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही भरतात.

पण खरी साखळी खाली टंगमर्गपासूनच सुरू होते. रस्त्यावर बर्फ असला की गाडीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात किंवा स्थानिक गाडी करावी लागते. तिथेच गमबूट आणि लांब कोट भाड्याने मिळतात. वर पोहोचताच स्लेजवाले भेटतात. स्लेज म्हणजे लाकडाची बुटकी घसरगाडी. ती स्थानिक सुतार बनवतो, ओढणारा माणूस दोरीने ती चढावर नेतो आणि उतारावर पर्यटकाला बसवून खाली आणतो. स्की शिकवणारे, बूट व फळ्या भाड्याने देणारे, घोडेवाले, बर्फावरची मोटार चालवणारे, कहवा आणि मक्याची कणसे विकणारे असे कितीतरी हात या एका उतारावर राबतात. यांपैकी बहुतेकांना पगार नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक मिळाले तर मजुरी, नाहीतर रिकाम्या हाताने घरी.

दल सरोवराचे हिवाळी रूप

दल सरोवरात थंडीतही शिकारे चालतात. हाऊसबोटीत लाकडाची बुखारी पेटवतात आणि पाहुण्याच्या हाती कांगडी देतात. ही कांगडी एकाच कारागिराची नव्हे. आतले मातीचे भांडे कुंभाराचे, बाहेरची वेताची वीण दुसऱ्याची, आणि त्यातला कोळसा अनेकदा शरद ऋतूत गळलेल्या चिनारच्या पानांचा. काहीच वाया घालवायचे नाही, हा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१४ जानेवारी २०२१ रोजी श्रीनगरचे तापमान उणे ८.४ अंशांवर गेले आणि दलचा मोठा भाग गोठला. अशा वेळी शिकारेवाले वल्ह्याने बर्फ फोडत वाट काढतात. गोठलेल्या सरोवरावर चालण्याचा मोह मात्र कोणी करू नये. वरचा थर कुठे पातळ आहे हे डोळ्यांना कळत नाही.

बर्फच पडला नाही तर?

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. ऐन हंगामात जमीन दिसत होती आणि स्लेज भिंतीला टेकून उभ्या होत्या. बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस. २०२५ मध्येही फेब्रुवारीतील हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. दुसरा फटका माणसांनी दिला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये झालेल्या हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते, आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर पाहुणे परतले, अनेक स्थळे बंद झाली आणि हजारो कष्टकऱ्यांची रोजी एका दिवसात थांबली.

दुसरीकडे नव्या वाटाही उघडल्या आहेत. १३ जानेवारी २०२५ रोजी बोगदा खुला झाल्याने, पूर्वी हिवाळ्यात तुटणारे सोनमर्ग आता बर्फातही गाठता येते. जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत रेल्वे जाते.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, एकाच हंगामावर घर टांगून ठेवू नये. हिवाळा आला की शालींची गाठोडी घेऊन आपल्या शहरांत येणारे काश्मिरी फेरीवाले आपण पाहतोच. गावी बर्फाने वाट अडवली, म्हणून त्यांनी बाजार बदलला. आपल्या हंगामी व्यावसायिकांनीही रिकाम्या महिन्यांचा जोडधंदा आधीच ठरवून ठेवावा.

दुसरी, माल जसा आहे तसाच सांगून विकावा. काश्मीर पश्मिन्याला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रावरचा माल हातमागाचा म्हणून खपवला जातोच. त्यात महिनोन्महिने हाताने सूत कातणाऱ्या बाईची मजुरी बुडते. शाली ठेवणाऱ्या दुकानदारांनी मानांकनाचे चिन्ह मागावे आणि गिऱ्हाइकाला फरक समजावून द्यावा.

तिसरी गोष्ट सहली नेणाऱ्या बांधवांसाठी. स्लेज, घोडा, स्की यांचा दर आणि वेळ चढण्याआधी ठरवा, मग उतरल्यावर वाद होत नाही. गोंडोलाची तिकिटे आधी काढा, पण वारा सुटला की तो बंद होतो हेही प्रवाशांना सांगून ठेवा. आखलेल्या उताराबाहेर कोणालाही जाऊ देऊ नका. २०२३ आणि २०२४ मध्ये येथे हिमकडे कोसळून परदेशी स्कीपटू दगावले आहेत.

आणि ठरलेल्या दरात घासाघीस करण्याआधी एवढे आठवावे की, दोरी खांद्यावर घेऊन आपल्याला चढावर ओढणाऱ्या माणसाचे वर्ष त्याच चाळीस दिवसांवर अवलंबून आहे. त्याची मजुरी त्याच्या अंगावरचा घाम वाळण्याआधी हाती पडली पाहिजे. व्यवहाराचा हा नियम बर्फातही बदलत नाही.