हेगच्या कोर्टातला पुकारा

न्यायाधीश आत येतात, सगळे उभे राहतात, बसतात. मग पीठासीन न्यायाधीश समोर बसलेल्या काळ्या झग्यातल्या व्यक्तीला खटला पुकारायला सांगतात. ती उठते आणि एका दमात बोलून टाकते: काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील परिस्थिती, अभियोक्ता विरुद्ध थॉमस लुबांगा डियिलो, खटला क्रमांक आयसीसी-०१/०४-०१/०६, आपण खुल्या सत्रात आहोत. एवढे बोलून ती खाली बसते. पुढच्या दीड तासात तिचा आवाज कदाचित दोन-तीनदाच ऐकू येईल, पण त्या दीड तासात तिचे लक्ष हलले तर एखाद्याचा जीव धोक्यात येऊ शकतो.

ही व्यक्ती म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा कोर्ट ऑफिसर. आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयात पट्टेवाला व्हरांड्यात पुकारा करतो, बेंच क्लार्क कागद सरकवतो, कोणी निशाणी क्रमांक टाकतो, कोणी रोजनामा लिहितो. हेगमध्ये यातली बरीच कामे एकाच खुर्चीत येऊन बसली आहेत, आणि त्यांच्या जोडीला अशी काही कामे आहेत ज्यांची आपल्या बेंच क्लार्कला कधी गरज पडली नाही.

हेग म्हटले की मराठी वाचकाला कुलभूषण जाधव आणि हरीश साळवे आठवतात. ते आंतरराष्ट्रीय न्यायालय वेगळे. ते पीस पॅलेसमध्ये बसते आणि तिथे देश देशाविरुद्ध उभा राहतो. फौजदारी न्यायालयात आरोपीच्या जागी माणूस असतो: सेनापती, बंडखोर नेता, कधी माजी राष्ट्राध्यक्ष. जाधव प्रकरणाचा निकाल १७ जुलै २०१९ रोजी लागला. या दुसऱ्या न्यायालयाला जन्म देणारा रोम करार झाला १७ जुलै १९९८ रोजी. निव्वळ योगायोग, पण दोन्ही न्यायालयांची सरमिसळ करणाऱ्या आपल्या वृत्तवाहिन्यांना यापेक्षा मोठे निमित्त लागत नाही. करार लागू झाला १ जुलै २००२ रोजी. आधी न्यायालयाचा कारभार एका जुन्या टेलिकॉम कंपनीच्या इमारतीतून चाले. डिसेंबर २०१५ मध्ये ते समुद्राजवळच्या वाळूच्या टेकड्यांत, जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर बांधलेल्या स्वतःच्या वास्तूत गेले. तिथे तीन कोर्टरूम आहेत.

कोर्ट ऑफिसर न्यायाधीशांचा माणूस नव्हे, अभियोक्त्याचा नव्हे आणि बचाव पक्षाचाही नव्हे. तो रजिस्ट्रीचा. न्यायनिवाडा आणि अभियोक्त्याचे काम सोडून बाकी कारभार रोम कराराच्या ४३व्या कलमाने रजिस्ट्रीकडे सोपवला आहे. आरोपीच्या वकिलाने पडद्यावर कागद मागितला तर तो दाखवायचा, अभियोक्त्याने मागितला तरी त्याच तत्परतेने दाखवायचा. चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नाही. वाटते तितके हे सोपे नाही, कारण कागदावर कधी सामूहिक दफनाचा फोटो असतो.

सुनावणीचे खरे काम न्यायाधीश यायच्या आधीच सुरू झालेले असते. आज कोणता साक्षीदार, त्याचे सांकेतिक नाव काय, तो कोणत्या भाषेत बोलणार, चेहरा आणि आवाज बदलायचा आहे का, ती यंत्रणा तपासली का, दुभाष्यांची केबिन भरली आहे का. साक्षीदार दूर देशात बसून व्हिडिओवरून बोलणार असेल तर तिकडच्या खोलीतही रजिस्ट्रीचा माणूस हवा. मार्च २०२५ मध्ये फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते पहिल्यांदा हजर झाले तेही असेच, कोठडीतून व्हिडिओवर.

पुरावा आला की त्याला क्रमांक द्यायचा आणि तो जाहीर की गोपनीय हे तिथल्या तिथे नोंदवायचे. गोपनीय कागद न्यायाधीशांच्या आणि वकिलांच्या पडद्यावर दिसला पाहिजे, काचेपलीकडच्या प्रेक्षकांना मात्र नाही. लुबांगा खटल्यात २०४ दिवस सुनावणी झाली, ६७ साक्षीदार आले आणि १,३७३ पुरावे दाखल झाले. निकालपत्राच्या तळटिपांत दिसणाऱ्या पुराव्यांच्या क्रमांकांपैकी अनेक कधीतरी कोर्टरूममध्ये कोणीतरी मोठ्याने वाचून नोंदवलेले आहेत.

या नोकरीचा गाभा मात्र सत्र बदलण्यात आहे. खुल्या सत्रात सगळे सगळ्यांना ऐकू जाते. खासगी सत्रात गॅलरीतल्या लोकांना माणसे दिसतात, आवाज येत नाही. बंद सत्रात तेही नाही. संरक्षित साक्षीदाराचे गाव, बापाचे नाव, कोणत्या तुकडीत होता असा प्रश्न आला की वकील खासगी सत्र मागतो, न्यायाधीश होकार देतात आणि कोर्ट ऑफिसर सांगतो, आपण खासगी सत्रात आहोत. हे वाक्य ऐकू येईपर्यंत अनुभवी वकील तोंड उघडत नाही. ओळख बाहेर फुटली तर साक्षीदाराच्या घरच्यांना शोधत कोणीतरी जाऊ शकते, म्हणून हा सगळा सोपस्कार.

सावधगिरीची आणखी एक भिंत म्हणजे प्रक्षेपण. कामकाज बाहेर दिसते ते साधारण अर्ध्या तासाच्या विलंबाने. खुल्या सत्रात चुकून नाव निघाले तर त्या अर्ध्या तासात न्यायाधीशांचा आदेश घेऊन ते चित्रफितीतून आणि लेखी नोंदीतूनही काढावे लागते. जाहीर नोंदीत मग तेवढ्या जागी काट मारल्याची खूण उरते.

तरीही चूक होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये आयव्हरी कोस्टचे माजी राष्ट्राध्यक्ष लॉराँ बाग्बो यांचा खटला नुकताच सुरू झाला होता. बाहेर आवाज जात नाही अशा समजुतीने अभियोक्ता पक्ष बोलत राहिला आणि संरक्षित साक्षीदारांची नावे बाहेर ऐकू गेली. न्यायालयाला चौकशी लावावी लागली. बाग्बो पुढे २०१९ मध्ये निर्दोष सुटले. तो निकाल अभियोक्त्याचे पुरावे अपुरे पडल्याने लागला, या गफलतीमुळे नाही. पण अशा न्यायालयापुढे बोलायला धजावणाऱ्या पुढच्या माणसाला त्या बातमीने काय वाटले असेल, याचा हिशोब कोणत्याच निकालपत्रात नसतो.

उलट बाजूही आहे. सगळे बंद दाराआड चालवले तर या न्यायालयाला अर्थच राहत नाही. काँगोतल्या किंवा युगांडातल्या गावाला आपल्यावरच्या अत्याचाराचा खटला दिसायला हवा. म्हणून खासगी सत्राची गरज संपताच पुन्हा खुल्या सत्रात यायचे. एका साक्षीत हे जाणे-येणे अनेकदा होते आणि लेखी नोंदीत दर वेळी मिनिटासकट येते.

या लेखी नोंदी वाचणे हा वेगळाच अनुभव आहे. इंग्रजी आणि फ्रेंच या कामकाजाच्या भाषा, त्यामुळे बोलताना प्रश्न आणि उत्तर यांत काही सेकंद थांबायचे, नाहीतर दुभाषी मागे पडतो. न्यायाधीश, वकील नावानिशी येतात. कोर्ट ऑफिसरच्या बोलण्याआधी मात्र फक्त पद. ते मला योग्य वाटते. नोंद ठेवणाऱ्याने नोंदीत मिरवू नये.

लुबांगा खटल्यातला पहिला साक्षीदार जानेवारी २००९ मध्ये शपथ घेऊन बसला आणि त्याच दिवशी आपले म्हणणे फिरवून मोकळा झाला. दोन आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा त्याला आरोपी दिसू नये अशी व्यवस्था केलेली होती. शेवटी न्यायाधीशांनी त्याच्या साक्षीवर विसंबायचे नाकारले. पण दोन्ही दिवसांचे दोन्ही जबाब नोंदीत शेजारी शेजारी आहेत.

शिस्तीची कसोटी कधीकधी क्षणात लागते. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी हेगमधल्याच युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात अपिलाचा निकाल वाचला जात असताना आरोपी स्लोबोदान प्राल्याक याने सगळ्यांसमोर विष प्यायले. न्यायाधीश कार्मेल अजियुस यांनी वाचन थांबवले, पडदे पाडायला लावले. तीच कोर्टरूम आता गुन्ह्याचे ठिकाण झाली होती. उरलेला निकाल त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टरूममध्ये वाचून पूर्ण झाला, कारण त्या खटल्यात आणखी पाच आरोपी होते.

हे काम कोणाला मिळते? बहुधा कायद्याची पदवी, कोर्टातला अनुभव, इंग्रजी-फ्रेंचपैकी एकीवर पक्की पकड आणि दुसरी कामापुरती. भारत रोम कराराचा सदस्य नाही. सुमारे सव्वाशे सदस्य देशांच्या नागरिकांना भरतीत प्राधान्य असते, पण बाकीच्यांच्या अर्जांनाही दार बंद नाही. पुण्या-मुंबईत कायदा शिकणारे खूप आहेत, फ्रेंच शिकणारेही. दोन्ही एकत्र शिकणारे मात्र थोडे, आणि त्यातही दिवसभर गप्प बसून दुसऱ्यांच्या बोलण्यावर कान ठेवायला राजी असणारे वकील आणखी थोडे.