नारव्हाल : हिमाच्छादित समुद्रातील जीवनक्रम व अनुकूलनाच्या मर्यादा

उत्तर ध्रुवीय समुद्रात राहणारा नारव्हाल (मोनोडॉन मोनोसेरॉस) हा सस्तन प्राणी सर्वसामान्यपणे त्याच्या लांब सुळ्यामुळेच परिचित आहे. मध्ययुगीन युरोपात हा सुळा एकशृंगी अश्वाचे शिंग म्हणून प्रचंड किमतीला विकला जात असे. ते शिंग नसून सागरी प्राण्याचा दात आहे, हे डॅनिश वैद्य ओले वुर्म यांनी १६३८ मध्ये दाखवून दिले. मात्र सारे कुतूहल सुळ्याभोवतीच एकवटल्याने या प्राण्याच्या जीवनक्रमाचा गाभा, म्हणजे बर्फाखालचा त्याचा हिवाळा, उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्या हिवाळ्यासाठी झालेले अनुकूलन आणि त्यातूनच उद्भवणारे धोके यांचा विचार केला आहे.

नारव्हाल व बेलुगा हे दोन देवमासे एकाच कुलातील होत. प्रौढ नारव्हालचे शरीर ४ ते ५ मीटर लांब असते. नराच्या वरच्या जबड्यातील डावा सुळा ओठ भेदून बाहेर येतो आणि मळसूत्राप्रमाणे पीळ घेत ३ मीटरपर्यंत वाढू शकतो. माद्यांमध्ये तो क्वचितच आढळतो. सभोवतालच्या पाण्याची क्षारता बदलल्यास सुळ्यातील सूक्ष्म नलिकांद्वारे प्राण्याला त्याची जाणीव होते, असे २०१४ मधील संशोधन सांगते. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात ड्रोनने टिपलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दृश्यांत नारव्हाल सुळ्याच्या फटक्याने मासे बधिर करताना दिसतात. तथापि, सुळा जगण्यासाठी अनिवार्य असता तर बहुसंख्य माद्या त्याविना कशा जगल्या असत्या? तो मुख्यतः नरांमधील स्पर्धेचे व लैंगिक निवडीचे साधन असावा, हेच मत अधिक ग्राह्य वाटते. उर्वरित दात हिरडीबाहेर येतच नाहीत. भक्ष्य तोंडात ओढून घेऊन अखंड गिळले जाते.

उन्हाळा कॅनडा व ग्रीनलंडच्या फियॉर्डांमध्ये घालवून हे कळप हिवाळ्यात खोल समुद्राकडे सरकतात. त्यांपैकी बहुसंख्य बॅफिन उपसागर व डेव्हिस सामुद्रधुनीत पोहोचतात. तेथील पृष्ठभाग जवळजवळ संपूर्णपणे गोठलेला असतो आणि श्वासासाठी केवळ अरुंद भेगा उरतात. उन्हाळ्यात अत्यल्प आहार घेणारा नारव्हाल याच काळात भरपूर खातो. ग्रीनलंड हॅलिबट या तळाशी राहणाऱ्या माशासाठी तो १,५०० मीटरहून खोल बुडी मारतो. अशी बुडी सुमारे २५ मिनिटे चालते. स्नायूंतील मायोग्लोबिनमध्ये साठवलेला प्राणवायू त्याला पुरतो, तर पाठीवर पर नसल्याने बर्फाच्या छताखाली सहज फिरता येते. प्रजननाची गती मात्र अतिशय मंद आहे. गर्भावधी १४ महिन्यांच्या आसपास असून मादीला साधारणतः तीन वर्षांतून एकच पिल्लू होते. नेत्रभिंगातील रासायनिक बदलांवरून वय ठरवणाऱ्या २००७ मधील अभ्यासात एका मादीचे वय शंभर वर्षांहून अधिक आढळले.

पिढ्यानपिढ्या त्याच फियॉर्डांकडे, त्याच मार्गाने परतण्याची सवय समुद्राचे ऋतुचक्र स्थिर असेपर्यंत हितावह ठरते. गोठण्याची वेळ बदलली की तीच सवय घातक होऊ शकते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये बॅफिन बेटावरील पाँड इनलेटजवळ ६०० हून अधिक नारव्हाल बर्फात अडकले. सुटकेचा मार्ग नसल्याने स्थानिक इन्युइट शिकाऱ्यांनी त्यांना मारले. अशा घटना पूर्वीही घडत, हे खरे. परंतु बर्फ उशिरा धरू लागल्याने कळप उन्हाळी पाण्यात रेंगाळतात आणि मग अचानक कोंडले जातात, अशी शक्यता अभ्यासक मांडतात.

बर्फ विरळ झाल्याने किलर व्हेलना उत्तरेकडील पाण्यात अधिक काळ वावरता येते. ते जवळ आले की नारव्हाल किनाऱ्यालगत दडून राहतात. पूर्व ग्रीनलंडमधील स्कोर्सबी साउंड येथे जाळ्यातून सोडलेल्या नारव्हालांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ते वेगाने पळत असतानाही त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३ ते ४ इतके खाली आले होते. श्रम वाढत असताना रक्ताभिसरण मंदावणे मेंदूच्या प्राणवायुपुरवठ्यास धोकादायक ठरू शकते. दबून राहण्याची प्रतिक्रिया बर्फाखाली उपयुक्त ठरत असेल. जहाजांच्या गोंगाटात ती कितपत उपकारक ठरेल, हा प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१७ च्या मूल्यांकनानुसार प्रौढ नारव्हालांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास असून ही जात संकटग्रस्त मानली जात नाही. परंतु हा जागतिक आकडा स्थानिक ऱ्हास झाकून टाकतो. आग्नेय ग्रीनलंडमधील लहान समूह झपाट्याने घटल्याने तेथील शिकार पूर्णतः थांबवावी, असा सल्ला वैज्ञानिकांनी वारंवार दिला आहे. क जीवनसत्त्वाने समृद्ध असलेली नारव्हालची त्वचा हे ज्यांचे पारंपरिक अन्न आहे, त्या शिकाऱ्यांना मात्र वैज्ञानिकांची ही गणना मान्य नाही.