मधली पट्टी

माशांच्या टाकीच्या तोंडावर मधोमध आडवी चिकटवलेली काचेची पट्टी बहुतेकांना अडचणच वाटते. तिच्यावर क्षार साचतो, शेवाळ धरतं, खालच्या वनस्पतींवर सावली पडते आणि जाळी फिरवताना हात नेमका तिलाच अडतो. डोंबिवलीच्या माझ्या मित्रालाही ती नकोशीच होती. तिचं एक टोक सुटल्यावर तो म्हणाला, बरं झालं, आता काढूनच टाकू. काचवाल्याने टाकी न्याहाळली. "काढा की साहेब. पण मग पाणी अर्धंच भरा."

हे बोलणं हिशेबाला पक्कं होतं. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो. काठोकाठ भरली की समोरच्या काचेवर एकूण सुमारे सव्वादोनशे किलोचा रेटा येतो. टाकी दीडऐवजी तीन फूट रुंद केली तरी तेवढाच. पाणी अर्ध्यावर आणलं तर मात्र तो निम्मा नव्हे, पाव होतो. काच तळाशी आणि दोन्ही कडांना जखडलेली, वर मोकळी. म्हणून ती वरच्या कडेला, मध्यावर सर्वांत जास्त फुगते. काचवाल्याने आतून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणला, तेव्हा दोरा आणि काच यांच्यातली फट उघड्या डोळ्यांना दिसली. पट्टी कशाला टेकू देत नसते. पुढची आणि मागची काच ती एकमेकींकडे ओढून धरते. ती काढली म्हणून टाकी त्याच दिवशी फुटेल असं नाही, पण कोपऱ्यांतल्या सांध्यांवर रोज ताण राहतो. असली जोखीम दिवाणखान्यात कशाला घ्यायची?

नवी पट्टी बसवायचं ठरलं. मासे ड्रममध्ये गेले, सोबत हवेचा पंप आणि फिल्टरचा स्पंज. स्पंजातले जिवाणू जगले तरच पुढचं सगळं सुरळीत. टाकी रिकामी झाल्यावरच काचवाल्याने माप घेतलं. फुगलेल्या टाकीच्या मध्यावर माप घेतलं तर पट्टी लांब भरते.

जुनी पट्टी का सुटली, ते तिच्या टोकांवरून कळलं. ती दोन काचांच्या मध्ये, फक्त स्वतःच्या जाडीवर चिकटवलेली होती. वीस सेंटिमीटर रुंदी, आठ मिलिमीटर जाडी, म्हणजे एका टोकाला जेमतेम सोळा चौरस सेंटिमीटर सिलिकॉन, आणि ताण सरळ उपटणारा. नव्या रचनेत आधी लांबीच्या दोन्ही काचांना आतून, काठाच्या जरा खाली, पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या लागल्या. मधली पट्टी त्यांच्यावर टेकवली. आता एका टोकाला शंभर चौरस सेंटिमीटर पकड आणि ताण पृष्ठभागाला समांतर. सिलिकॉन तोच, फरक फक्त मांडणीचा. काच मात्र साधीच घेतली. टफन्ड काच नंतर कापता येत नाही.

खरं काम खरवडण्याचं. जुन्या सिलिकॉनवर नवा नीट धरत नाही. ब्लेड आडवं धरून तो इंचाइंचाने पुढे सरकत होता, मग नखाने चाचपत होता, कारण पातळ पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. बाथरूमसाठी मिळणारा बुरशीरोधक सिलिकॉन त्याने घरातून बाहेर ठेवायला लावला. त्यातलं औषध माशांना घातक.

नळीतून सिलिकॉन आला तसा व्हिनेगरचा उग्र वास पसरला. हवेतली ओल घेऊन तो घट्ट होतो आणि होताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो. वरची साय लवकर धरते आणि तिथेच लोक फसतात. दोन काचांमधल्या रुंद सांध्याला ओल फक्त कडेने मिळते, त्यामुळे आतला भाग फार सावकाश वाळतो. काचवाला म्हणाला आठवडा. मी तर त्याहून जास्त थांबेन.

मित्राने सावलीचा प्रश्न पुन्हा काढला. त्याला उत्तर सोपं होतं: चार फुटी एका दिव्याऐवजी दोन छोटे, पट्टीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.