नागावचा मुलगा, कुलाब्याचा चुंबक आणि दहा जानेवारीची संक्रांत

मकरसंक्रांत कधी असते? चौदा-पंधरा जानेवारीला, असे आपण पटकन सांगून टाकतो. पण टिळक पंचांग मानणाऱ्या एखाद्या घरी विचारून बघा. तिथे १० जानेवारीलाच संक्रांत होऊन गेलेली असते! सूर्य एकच, आकाश एकच, आणि एकाच आळीतल्या दोन घरांच्या संक्रांतीत चार दिवसांचे अंतर. हे कसे काय? याचा माग काढत गेलात तर अलिबागजवळच्या नागावात पोहोचाल, आणि वाटेत सूर्यावरच्या एका प्रचंड वादळाशी गाठ पडेल.

केरो लक्ष्मण छत्रे १८२५ साली नागावात जन्मले. पुढे सगळे त्यांना केरूनाना म्हणू लागले. शिकायला ते मुंबईला चुलत्यांकडे गेले आणि एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. तिथले ऑर्लेबार नावाचे प्राध्यापक कुलाब्याच्या वेधशाळेचेही काम पाहत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरही एल्फिन्स्टनचेच, आणि त्यांनीही काही काळ या वेधशाळेची धुरा वाहिली. म्हणजे कॉलेजचा वर्ग आणि वेधशाळा यांच्यामध्ये जणू उंबराच नव्हता. पंधरा-सोळा वर्षांचा केरो वर्गातून उठून थेट वेधशाळेत मदतनीस झाला, आणि पुढची दहाएक वर्षे तिथे राहिला. (हा कुलाबा मुंबईच्या टोकाचा. अलिबागच्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच, म्हणून सांगितले.)

ही वेधशाळा १८२६ साली निघाली ती ताऱ्यांचे वेध घेऊन जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. १८४१ पासून तिथे एक नवेच काम सुरू झाले : चुंबकावर पाळत ठेवणे! होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करून गप्प उभी असते अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ती कधीच गप्प नसते. रोज सकाळ-दुपार ती हळूच एका बाजूला सरकते आणि परत येते. सरकते ती अंशाच्या एखाद्या बारीकशा भागाने, नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही इतकी. पण सरकते, आणि सूर्याच्या तालावर सरकते. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर ऊन हवेच्या कणांतून वीजभार मोकळा करते. तिथले वारे हे भारित कण वाहून नेतात, त्यातून आकाशात विजेचे प्रवाह सुरू होतात, आणि त्या प्रवाहांचा धक्का खाली एका अंधाऱ्या खोलीतल्या चुंबकाला लागतो. १८४१ साली हे कारण जगात कुणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते इतकेच, की सुई हलते, आणि ती कशी हलते हे लिहून ठेवले पाहिजे.

लिहायचे कसे? पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जोर मोजायची युक्ती फार सुरेख आहे. चुंबक दोन दोऱ्यांवर टांगतात, आपल्या झोपाळ्यासारखा. झोपाळ्याला पीळ दिला की तो उलटा फिरून मोकळा व्हायला बघतो ना? तसाच पीळ देऊन चुंबकाला पूर्व-पश्चिम आडवा धरायचा. पीळ त्याला एकीकडे ओढतो, पृथ्वी दुसरीकडे. पृथ्वीचा जोर किंचित कमी झाला की पीळ वरचढ होतो आणि चुंबक जरासा वळतो. ते वळणे लांब ठेवलेल्या दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायचे आणि वहीत आकडा टाकायचा. तासातासाला, दिवसा आणि रात्री, आषाढातल्या मुसळधार पावसातसुद्धा. जवळ जायचे तर खिशात लोखंडी किल्लीही चालत नाही. अशा रकान्यांनी वह्यांमागून वह्या भरत गेल्या.

आता १ सप्टेंबर १८५९ कडे या. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलप्रेमी सूर्यावरच्या डागांचे चित्र हाताने काढत बसला होता. अचानक डागांच्या घोळक्यात दोन लखलखीत ठिपके पेटले आणि काही मिनिटांत विझले. सतराएक तासांनी पृथ्वीवर हलकल्लोळ झाला. ध्रुवप्रदेशांत दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. अमेरिकेत तारयंत्रे बॅटरी काढून टाकली तरी चालू राहिली, कारण तारांतून आकाशातलीच वीज वाहत होती! लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकाची हालचाल आपोआप छायाचित्रावर उमटत असे. तिथली रेघ कागदाबाहेर गेली, आणि नेमक्या त्या घटकेची नोंद हुकली.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची दुपार होत आली होती. कुलाब्याच्या निरीक्षकांना चुंबक वेडावाकडा वळताना दिसला. शिरस्ता असा होता, की गडबड दिसली तर तासाची वाट पाहायची नाही, काही मिनिटांच्या अंतराने वाचत राहायचे. त्यांनी तेच केले. नोंद झाली ती अशी : आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट. एकूण बलाच्या चार टक्के! ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण चुंबकाच्या रोजच्या हालचालीपुढे हा अक्षरशः भूकंप आहे. दुपार ओसरेपर्यंत बरीच घट भरूनही आली.

हे आकडे जवळजवळ दीड शतक कागदांत पडून होते. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अभ्यासून मांडले, तेव्हा जगाला त्यांचे मोल कळले. विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असलेली मुंबई अशा वादळाचा जोर मापायला उत्तम जागा, कारण ध्रुवांकडच्या प्रवाहांचा गोंधळ इथवर पोहोचत नाही. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना सूर्यापासून किती धोका आहे याचा हिशोब जग मांडते, तेव्हा कुलाब्याच्या त्या दुपारचे आकडे समोर ठेवावेच लागतात.

केरूनाना तेव्हा कुलाब्यात नव्हते. १८५१ पासून ते पुण्याच्या कॉलेजात शिकवत होते. हेच पुढचे डेक्कन कॉलेज. टिळक आणि आगरकर तिथे त्यांचे विद्यार्थी. पण दहा वर्षे रोज आकडा डोळ्यांनी वाचून लिहिणारा माणूस पंचांग उघडतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न कोणता पडेल? यात लिहिलेय तसे आकाशात दिसते का?

दिसत नव्हते. महाराष्ट्रातली पंचांगे तेव्हा ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावर चालत. आणि हा ग्रंथ कुठला? याच किनाऱ्यावरचा! अलिबागहून मुरुडला जाताना नांदगाव लागते. तिथल्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० साली रचला, वयाच्या तेराव्या वर्षी असे मानतात. ज्या-कोज्यांच्या किचकट कोष्टकांना हातही न लावता ग्रहांची स्थाने काढायची रीत त्यांनी दिली. शिवाय ४०१६ दिवसांचे, म्हणजे साधारण अकरा वर्षांचे चक्र धरून दिवसांचे अवाढव्य आकडे लहान करून टाकले. म्हणून तर गावोगावचे जोशी साडेतीनशे वर्षे त्यावर विसंबून राहिले. या पोराच्या बुद्धीला दंडवतच घालावा.

पण काळाने आपले काम केले. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटे, ३६ सेकंदांचे. ताऱ्यांवरून प्रत्यक्ष मोजलेले वर्ष ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटे, १० सेकंदांचे. फरक जेमतेम साडेतीन मिनिटांचा. हजार वर्षे साचू द्या, दोन दिवसांच्या वर जातो!

केरूनानांनी १८६० साली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ छापली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. तेच पटवर्धनी पंचांग. त्याचे गणित कशावरून केले असेल? नाविकांसाठी इंग्लंडात छापल्या जाणाऱ्या ‘नॉटिकल अल्मनॅक’वरून! जहाजाचा कप्तान भर समुद्रात ज्या आकड्यांवरून आपली जागा शोधी, त्याच आकड्यांवरून पुण्यात एकादशी ठरू लागली. का नाही ठरणार? तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे जाण्याचा काळ. दोघांमधले अंतर खरे कळले की तिथी खरी.

संक्रांतीचे मात्र वेगळे आहे. तिथे राशिचक्र कुठून सुरू झाले ते ठरवावे लागते. केरूनानांनी रेवतीची योगतारा, मीन राशीतला एक मंद तारा, आरंभ म्हणून पकडली. चित्रेच्या ताऱ्यावरून मोजणाऱ्यांचा आरंभ तिच्यापासून सुमारे चार अंश दूर पडतो. सूर्य दिवसाला एक अंश चालतो, म्हणून चार दिवस. टिळकांनी आपल्या गुरूंची ही पद्धत उचलून धरली, आणि दहा जानेवारीची संक्रांत आली ती अशी! संक्रांत नसलेला चांद्रमहिना अधिक धरतात. त्यामुळे काही वर्षी दोन्ही पंचांगांचे अधिकमास वेगळे पडतात आणि सणांत चक्क महिन्याचे अंतर येते.

आणि अलिबाग? मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकांची धडगत नव्हती. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज सूर्याचा आवाज पार बुडवून टाकणार. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला, नागावपासून आठ-नऊ किलोमीटरवर. लोहकण नसलेला पोरबंदरी दगड आणून इमारत बांधली. मग मूस यांनी जे केले त्याचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते. एप्रिल १९०४ पासून मार्च १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्ही जागांतला फरक नेमका कळला, त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला बेमालूम जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. तोवर चुंबक सुखरूप खाडीपार गेले होते.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली. मे २०२४ मध्ये सूर्यावरून मोठे वादळ आले आणि लडाखमधल्या हानले इथे आकाश तांबडे झाले. त्या वादळाचा जागतिक निर्देशांक, म्हणजे आडव्या बलातल्या बदलाची तासातासाची सरासरी, सुमारे ४०० नॅनोटेस्लांनी घसरला. १८५९ च्या वादळाची अशीच तासाची सरासरी काढली तर ते याच्या दुपटीहून मोठे निघते, आणि ही तुलना करता येते ती कुलाब्याच्या वह्यांमुळे.